‘दोघांकय एकदमच ने’: वृद्ध जोडपी, इच्छामरण आणि आपला कायदा

५ फेब्रुवारी २०२४ रोजी नेदरलँड्सचे माजी पंतप्रधान द्रीस फान आख्त आणि त्यांच्या पत्नी युजिनी यांनी डॉक्टरांच्या मदतीने एकाच वेळी इच्छामरण घेतलं. दोघंही ९३ वर्षांचे. फान आख्त १९७७ ते १९८२ या काळात पंतप्रधान होते. २०१९ मध्ये मेंदूत रक्तस्राव झाला, त्यातून ते पुरते सावरलेच नाहीत. आपल्याकडे ही बातमी पोचली ती ‘हातात हात घालून’ एवढ्याच शब्दांनिशी. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या व्हॉट्सअॅप गटांवर तिच्याखाली हात जोडलेले इमोजी पडले आणि लगोलग प्रश्न आला: आपल्याकडे हे का नाही?

आपल्याकडे वेगळीच बातमी येते. आतल्या पानावर, एका कॉलमात: वृद्ध दाम्पत्याने जीवन संपवले, मुले मुंबईला, आजारपणाला कंटाळून. ‘आजारपणाला कंटाळून’ असं लिहिलं की पुढे कुणी काही विचारत नाही.

लोकांच्या बोलण्यात या दोन बातम्या एकच होऊन जातात. त्या एक नाहीत. दोन्ही नीट सुट्या करून पाहिल्या तर कायदा कुठे उभा आहे ते कळतं, आणि आपल्या गावातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी आज काय करता येण्यासारखं आहे तेही कळतं.

चार गोष्टी, चार वेगळे अर्थ

पहिली गोष्ट निष्क्रिय इच्छामरण. बरं होण्याची आशा संपलेली असताना व्हेंटिलेटरसारखे नुसता श्वास चालू ठेवणारे उपचार सुरूच न करणं किंवा थांबवणं. दुसरी, सक्रिय इच्छामरण: डॉक्टरने स्वतः औषध देऊन आयुष्य संपवणं. होडी ओहोटीबरोबर बाहेर चाललीच आहे आणि उलटं वल्हवणं आपण थांबवलं, ही पहिली गोष्ट. होडीच्या तळाला भोक पाडलं, ही दुसरी. शेवट दोन्हीकडे एकच असला तरी कायद्याला हा फरक फार मोठा वाटतो.

तिसऱ्या प्रकारात डॉक्टर औषध लिहून देतो, घेतो रुग्ण स्वतः. स्वित्झर्लंडमध्ये असं चालतं. मदत करणाऱ्याचा त्यात स्वार्थ नसेल तर तिथला १९४२ पासूनचा दंडकायदा त्याला गुन्हेगार धरत नाही. आणि चौथी आत्महत्या. तिथे डॉक्टर नाही, तपासणी नाही, ‘तुम्हाला खरंच हेच हवंय का’ असं विचारणारं कुणी नाही.

फान आख्त दाम्पत्याची बातमी दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारांच्या हद्दीतली. आपल्या आतल्या पानावरची चौथ्यातली. कधी कधी त्याहूनही वाईट, ते पुढे सांगतो.

नेदरलँड्समध्ये नेमकं होतं काय

तिथला कायदा १ एप्रिल २००२ पासून लागू आहे. अर्ज केला आणि मिळालं असा तो हक्क नव्हे. डॉक्टर नाही म्हणू शकतो, आणि कितीतरी वेळा म्हणतोही. रुग्णाची मागणी स्वतःची आणि विचारपूर्वक केलेली आहे, त्रास असह्य आहे, सुधारण्याची शक्यता नाही आणि दुसरा कुठला वाजवी मार्ग उरलेला नाही, याची डॉक्टरची खात्री पटावी लागते. मग दुसऱ्या, संबंध नसलेल्या डॉक्टरने येऊन रुग्णाला भेटायचं. सगळं झाल्यावर एक समिती प्रत्येक प्रकरणाचे कागद तपासते.

नवरा-बायको एकदम मागतात तेव्हा? अर्ज दोन, तपासण्या दोन, तटस्थ डॉक्टरही शक्यतो वेगवेगळे. ‘ती चाललीय म्हणून मीही’ हे कारण चालत नाही. प्रत्येकाला आपापला, वैद्यकीय मूळ असलेला असह्य त्रास असावा लागतो. २००२ च्या डिसेंबरात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एका ८६ वर्षांच्या माजी खासदाराच्या प्रकरणात हेच ठरवलं: नुसता जगण्याचा कंटाळा पुरेसा नाही, मुळाशी आजार हवा.

त्यामुळे आकडे मोठे नाहीत, पण वाढताहेत. २०२० मध्ये अशी १३ जोडपी होती, २०२३ मध्ये ३३, २०२४ मध्ये ५४. त्या वर्षी नेदरलँड्समध्ये एकूण ९,९५८ जणांनी इच्छामरण घेतलं, त्यात ही १०८ माणसं. म्हणजे शंभरात एक.

आता आपल्याकडचं एक उदाहरण याच्या शेजारी ठेवा. २०१७ च्या अखेरीस मुंबईतल्या गिरगावच्या एका निवृत्त जोडप्याने राष्ट्रपतींना पत्र लिहून दोघांसाठी सक्रिय इच्छामरण मागितलं. पती एसटीत नोकरीला होते, पत्नी शाळेत मुख्याध्यापिका. मूलबाळ नको हा त्यांचाच निर्णय. मोठा आजार नव्हता. आयुष्य जगून झालं, आता उगाच समाजावर भार कशाला, असं त्यांचं म्हणणं. वर्तमानपत्रांतून त्यावर पुष्कळ चर्चा झाली आणि ‘परदेशात असते तर मिळालं असतं’ असं अनेकांनी ठोकून दिलं. नेदरलँड्समध्येही मिळालं नसतं.

आणि भारतात?

सक्रिय इच्छामरण भारतात गुन्हा आहे, मग डॉक्टर करो की नवरा करो. निष्क्रिय इच्छामरणाला परवानगी आहे, आणि तिची वाट मुंबईच्या केईएम रुग्णालयातून निघाली. अरुणा शानबाग मूळच्या कारवारपट्टीतल्या हळदीपूरच्या. १९७३ मध्ये केईएममध्ये परिचारिका असताना त्यांच्यावर हल्ला झाला आणि पुढची ४२ वर्षं त्या तिथेच अंथरुणाला खिळून होत्या. ७ मार्च २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्यासाठी केलेली इच्छामरणाची मागणी फेटाळली, पण निष्क्रिय इच्छामरणाचं दार त्याच निकालाने किलकिलं केलं. इतकी वर्षं त्यांचं सगळं करणाऱ्या केईएमच्या परिचारिका मागणीच्या विरोधात उभ्या होत्या, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. २०१५ मध्ये न्यूमोनियाने अरुणाबाई गेल्या.

९ मार्च २०१८ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा अधिकार हा जगण्याच्या अधिकाराचाच भाग मानला आणि लिव्हिंग विलला मान्यता दिली. लिव्हिंग विल म्हणजे ‘मी बोलण्या-समजण्याच्या पलीकडे गेलो तर माझ्यावर अमुक उपचार करू नका’ असं शुद्धीत असताना लिहून ठेवलेला कागद. मालमत्तेच्या मृत्युपत्राशी त्याचा काही संबंध नाही.

आत्महत्येच्या प्रयत्नाचं काय? २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा म्हणतो की असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं. त्याची काळजी घेणं आणि उपचार करणं हे सरकारचं काम. १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत, अशा प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं ३०९ कलम उरलेलं नाही. सरकारी माणसाच्या कामात अडथळा आणण्यासाठी कुणी आत्महत्येचा प्रयत्न केला तर मात्र तो गुन्हा आहे. ‘पोलीस केस होईल’ या भीतीने गावाकडे अजूनही अशा माणसाला दवाखान्यात न्यायला उशीर करतात. तो करू नये.

मात्र दुसऱ्याला मदत करणं, भरीस घालणं हा गुन्हा आहेच. १० वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आणि जोडीदाराला संपवून मागे उरलेल्याला ‘तिनेच सांगितलं होतं’ एवढ्यावर सुटता येत नाही. संमती सिद्ध झाली तर खुनाऐवजी सदोष मनुष्यवध धरला जातो, बस.

‘दोघांनी मिळून ठरवलं’ म्हणजे कुणी?

मला वाटतं, या विषयाचं खरं दुखणं इथे आहे.

आमच्याकडे देवळात वार्षिकाला गाऱ्हाणं घालतात. गुरवाने म्हणायचं आणि सगळ्यांनी ‘होय म्हाराजा’. एकदा सगळं आटोपत आलेलं असताना एका आजींनी पुढे होऊन हळूच स्वतःचं जोडून दिलं: “आमका दोघांकय एकदमच ने रे म्हाराजा, मागे कोणाक ठेव नको.” शेजारी आजोबा बसलेले. त्यांना दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. आजूबाजूच्यांचे ओठ हलले तसे तेही खणखणीत आवाजात म्हणाले, “होय म्हाराजा!” मंडळी हसली. आजींना हसू आलं नाही.

देवाकडे असं मागणं वेगळं. पण खरोखरच्या घटनांत दुसऱ्याचं ‘होय’ कशावर आलेलं असतं? परदेशात वृद्ध जोडप्यांच्या अशा मृत्यूंचा बराच अभ्यास झाला आहे, आणि त्यातलं चित्र ‘हातात हात’वालं नाही. पुष्कळ घटनांत आधी एकाने दुसऱ्याला मारलेलं असतं. मारणारा बहुतेक वेळा नवरा असतो, आजारी बहुतेक वेळा बायको असते, आणि तिची संमती होती याचा पुरावा क्वचितच सापडतो. तो सुश्रूषा करून थकलेला, आणि बरेचदा नैराश्यात बुडालेला. बातमीत मात्र दोघांचं नाव एकाच क्रियापदापाशी येतं.

एक घर डोळ्यांपुढे आणा. आजोबा ८२ वर्षांचे. आजींना स्मृतिभ्रंश, म्हणजे आठवण आणि समज हळूहळू पुसत नेणारा मेंदूचा आजार. उभ्या जन्मात चुलीपुढे न बसलेला हा माणूस आता सकाळी पेज करतो. ती भरवताना आजी तोंड मिटून घेतात आणि विचारतात, “तुमी खंयचे?” दुपारी अंथरूण धुवायचं. रात्री त्या उठून दाराची कडी काढतात, म्हणून कडीला कुलूप आणि किल्ली ह्यांच्या कनवटीला. मुलगा नालासोपाऱ्याला, मुलगी पुण्याला. दोघंही पैसे वेळेवर पाठवतात. वर्षभर एक रात्र सलग झोप नाही. हा माणूस ‘आम्ही दोघांनी ठरवलंय’ असं म्हणाला, तर त्यातल्या आजींनी काय ठरवलं? त्यांना तर समोर बसलाय तो कोण हेच उमगत नाही. आणि आजोबांनी तरी काय ठरवलं? त्यांना मरण हवंय, की आठ दिवस कुणीतरी येऊन हे सगळं अंगावर घ्यायला हवंय?

डच कायद्यात दोन अर्ज का लागतात, ते इथे कळतं. जोडपं म्हणून निर्णय नसतोच. दोन माणसं असतात, आणि त्यातलं एक बहुधा दुसऱ्यावर अवलंबून असतं.

‘भरून जगलेत, त्यांना अडवणारे आपण कोण?’

हा आक्षेप हलका नाही. डोकं शाबूत असलेल्या, दुखण्याने पिळून निघालेल्या माणसाला ‘जग’ म्हणून सांगणं सोपं असतं, कारण दुखतंय त्याला. पुरेशी काळजी मिळूनही ज्यांचा त्रास सरत नाही अशी माणसं आहेत, आणि त्यांच्यापुढे माझ्याकडे ठाम उत्तर नाही.

पण म्हातारपणी ‘आता पुरे’ म्हणणाऱ्यांत नैराश्य असलेले बरेच असतात, आणि ते ओळखलं जात नाही. जेवण कमी झालं, पहाटे तीनला जाग येते, बाजारच्या दिवशी तिठ्यावर जाणं सोडलं, कशातच मन नाही: घरचे म्हणतात, वय झालं. वयाने नैराश्य येतंच असं नाही, आणि आलं तर वय झालेल्या माणसातही ते औषधाने, बोलण्याने उतरतं. उतरलं की मरणाची इच्छाही पुष्कळदा मावळते. आपल्याकडची अडचण अशी की कोकणातलं सरकारी मनोरुग्णालय रत्नागिरीला, आणि ‘याला रत्नागिरीला पाठवा’ ही आपली थट्टा. मग डॉक्टरकडे जाणार कोण? सुरुवातीला जावंही लागत नाही. टेली मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालू आहे आणि मराठीत बोलता येतं. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही एल्डरलाइन सकाळी ८ ते रात्री ८ चालू असते. तुमच्या स्वतःच्या मनात असे विचार घोळत असतील तर लेख इथेच ठेवा आणि आधी फोन करा. घरातल्या कुणाच्या बोलण्यात आले तर सरळ विचारा, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने डोक्यात नसलेलं काही शिरत नाही.

‘आपल्याकडे प्रायोपवेशन होतंच की’

होतं, आणि कोकणाशी नातं असलेलंच उदाहरण आहे. पेण तालुक्यातल्या गागोद्यात जन्मलेल्या विनोबा भाव्यांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी, आजारपणात अन्न, पाणी आणि औषध थांबवलं आणि पवनारला देह ठेवला. जैनांच्या सल्लेखनेचा, म्हणजे अन्नपाणी सोडून देह ठेवण्याच्या व्रताचा, वादही कोर्टात गेला: राजस्थान उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये ती बेकायदा ठरवली आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली.

पण ही परंपरा सांगताना आपण तिच्या अटी गाळतो. ते सगळ्यांसमोर चालायचं, दिवसचे दिवस, माणसांच्या गराड्यात. मन बदललं तर मागे फिरायला वाव होता. आणि कुणाला भार नको म्हणून नव्हे. आपल्याला आता अडचण समजतात, असं वाटून घेतलेल्या निर्णयाला विनोबांची साक्ष काढणं हे विनोबांवर अन्याय करण्यासारखं आहे.

आपल्याकडे तसा कायदा आणला तर?

डच माणसाला घराजवळचा, वर्षानुवर्षं ओळखणारा डॉक्टर असतो आणि म्हातारपणीच्या सेवेचा खर्च सार्वजनिक विम्यातून होतो. तिथे ‘दुसरा मार्ग नाही’ या वाक्याला अर्थ आहे, कारण दुसरे मार्ग आधी समोर ठेवलेले असतात. आपल्याकडे काय आहे? २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६.९७ लाखांवरून १६.१५ लाखांवर आली आणि सिंधुदुर्गाचीही घटली, राज्याची मात्र वाढत होती. कमावती माणसं मुंबईला आणि गावात म्हातारी, हे काही आता गुपित नाही. हृदयाचा किंवा मेंदूचा झटका आला की सिंधुदुर्गातून गोव्यातलं बांबोळीचं रुग्णालय गाठायचं, रत्नागिरीतून कोल्हापूर किंवा मुंबई. जिथे दुसरा मार्ग हा दीडशे किलोमीटरवर असतो, तिथे मरणाचा मार्ग दाराशी आणून ठेवू नये, असं माझं मत आहे. सेवा आधी उभी राहू दे, मग वाद घालू.

मग आज हातात काय आहे?

दुखणं कमी करण्यासाठी पॅलिएटिव्ह केअर आहे. बरं करण्याऐवजी वेदना, धाप, झोप, भीती यांच्याकडे लक्ष देणारी ही सेवा. मॉर्फिनसारखी औषधं रुग्णापर्यंत पोचावीत म्हणून अमली पदार्थांचा कायदा २०१४ मध्ये सैल केला आहे. अशा रुग्णांसाठीचं देशातलं पहिलं केंद्र, शांती अवेदना सदन, १९८६ मध्ये मुंबईत वांद्र्याला सुरू झालं. गोव्यात लोटलीलाही त्यांचं केंद्र आहे. जिल्हा रुग्णालयात ही सेवा मागून पाहायला हरकत नाही. मागणारेच नसले तर खाटही नसते.

मुलं विचारत नसतील तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांताधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मिळू शकतो, वकील लागत नाही. ‘मला सांभाळशील’ या अटीवर लिहून दिलेलं घर किंवा कलमांची बाग, अट मोडली तर परत मागता येते. अट कागदावर घालायची मात्र विसरू नका. कोकणात बक्षीसपत्रं प्रेमाने होतात आणि प्रेमात अटी घालायच्या नसतात, अशी आपली समजूत.

आणि लिव्हिंग विल. २०१८ च्या निकालातली पद्धत इतकी किचकट होती की कुणी त्या फंदातच पडेना. २४ जानेवारी २०२३ ला न्यायालयाने ती सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो, मॅजिस्ट्रेटकडे जावं लागत नाही. आपल्या वतीने बोलणाऱ्या जवळच्या माणसांची नावं त्यात लिहायची. एक प्रत फॅमिली डॉक्टरला आणि एक स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायची. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे तेव्हाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी २०२४ मध्ये स्वतःचं लिव्हिंग विल नोंदवलं, ते गोव्यातलं पहिलं. नवरा-बायकोने आपापला वेगळा कागद करावा. तिला काय हवं ते तिने लिहावं, तेही तो समोर बसलेला नसताना.

कागद केला तर दवाखाना सोडून देणार नाही ना?

नाही. पाय मोडला, न्यूमोनिया झाला, साखर चढली, तर उपचार नेहमीसारखे होतात. कागद बाहेर येतो तो आजार बरा होण्यापलीकडे गेला असेल आणि रुग्णाला स्वतःला ठरवता येत नसेल तेव्हाच. तेव्हाही एकट्या डॉक्टरच्या हातात काही नसतं. उपचार करणारा डॉक्टर आणि दोन तज्ज्ञ यांचं एक मंडळ, मग दुसरं मंडळ, त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला डॉक्टर. दोघांनी शक्यतो ४८ तासांत आपापलं मत द्यायचं. घरच्यांना विचारायचं. मतभेद झाले तर उच्च न्यायालय. वेदनेची औषधं, स्वच्छता, अंग पुसणं, जवळ बसणं यातलं काहीच थांबत नाही. मन बदललं तर कागद कधीही लेखी रद्द करता येतो.

एवढं करून कागद कपाटात दागिन्यांच्या डब्याखाली ठेवलात तर उपयोग शून्य. रात्री अकराला अॅम्ब्युलन्समध्ये घालताना तो कुणालाच सापडत नाही, आणि मुंबईहून मिळेल ती गाडी पकडून निघालेला मुलगा फोनवर घाबऱ्याघुबऱ्या ‘काय लागेल ते करा’ म्हणतो. त्याला आधीच फोटो पाठवून ठेवा. आणि येत्या गणपतीत तो घरी आला की समोर बसवून, त्यात काय लिहिलंय आणि का, ते सांगा.